लक्झरी पिकअप ट्रक बाहेरून कसा ओळखायचा? जीएमसी सिएरा डेनालीचं डिझाइन आणि फीचर्स

कामासाठी टेक्ससमध्ये होतो तेव्हा एकदा घर बदलायची वेळ आली. सामान फार नव्हतं: एक सोफा, दोन गाद्या, एक टेबल आणि खोकी. ऑफिसमध्ये आमचा एक सीनियर आहे, मूळचा साताऱ्याचा. सगळे त्याला दादाच म्हणतात. तो म्हणाला, "भाड्याचा ट्रक कशाला घेतोस? मी माझी गाडी घेऊन येतो." शनिवारी सकाळी तो जीएमसी सिएरा डेनाली घेऊन दारात हजर.

त्या दिवशी सामान कमी हललं आणि मी गाडीभोवती जास्त फिरलो. इंजिनिअरिंग केलंय, पण काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे गाडी बघताना माझ्या डोक्यात नेहमी एकच प्रश्न येतो: हे फीचर नेमका कुठला प्रॉब्लेम सोडवतं? डेनालीला हा प्रश्न विचारत गेलं की एक गंमत लक्षात येते. मागच्या बाजूची बहुतेक फीचर्स खरोखर कामाची आहेत. पण त्यातली बरीचशी फीचर्स गाडीच्या उंचीने आणि आकाराने तयार केलेले प्रॉब्लेम सोडवतात. पुढच्या बाजूला दिखावा जास्त आहे, आणि त्या दिखाव्याची किंमत गाडीच्या मालकाला मोजावी लागत नाही.

या लेखात आपण गाडीला एक पूर्ण फेरी मारू: जाळी, बॉनेट, पायऱ्या, हौदा, फाळका आणि कॅमेरे. शेवटी, आपल्याकडे पिकअप बघताना यातलं काय उपयोगी पडेल तेही पाहू.

आधी ओळख: जीएमसी, सिएरा आणि डेनाली म्हणजे काय?

जीएमसी हा जनरल मोटर्सचा ट्रक आणि एसयूव्हीचा ब्रँड. आपल्याकडे जनरल मोटर्स आठवते ती शेवरोले बीट, स्पार्क आणि पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यामुळे. भारतातली गाड्यांची विक्री कंपनीने २०१७च्या अखेरीस बंद केली. अमेरिकेत मात्र तिचा मोठा आधार आहे पिकअप ट्रक. शेवरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा ही जुळी भावंडं आहेत. सांगाडा आणि इंजिनं एकच, चेहरा आणि सजावट वेगळी.

डेनाली हे सिएराच्या वरच्या व्हेरियंटचं नाव. अलास्कामधल्या ६,१९० मीटर उंचीच्या, उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच पर्वतावरून ते घेतलंय. हे नाव आधी १९९९ मॉडेलच्या युकॉन एसयूव्हीला मिळालं आणि २००२पासून सिएराला. त्या पहिल्या सिएरा डेनालीत चारही चाकं वळायची. मागची चाकं १२ अंशांपर्यंत वळत, त्यामुळे एवढा लांब ट्रकही छोट्या जागेत फिरायचा. या सिस्टिमचं नाव क्वाड्रास्टिअर. महाग पडत असल्याने फार कमी लोकांनी ती घेतली आणि २००५नंतर ती बंद झाली.

त्याच काळात फोर्डच्या लिंकन ब्रँडने ब्लॅकवुड नावाचा लक्झरी पिकअप आणला होता. त्याच्या हौद्यात गालिचा होता, आतून स्टेनलेस स्टीलचं अस्तर आणि वरून बंद होणारं झाकण. बाहेरच्या बाजूंवर काळ्या लाकडासारखं डिझाइन आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या बारीक रेघा. दिसायला झकास, पण गालिच्यावर सिमेंटची पोती कोण टाकणार? फोर-व्हील ड्राइव्हही नव्हता. अमेरिकेत ब्लॅकवुड २००२ या एकाच मॉडेल वर्षात संपला.

लक्झरी पिकअप बनवणाऱ्यांनी यातून धडा घेतला. गाडी कितीही महाग असली तरी हौदा कामाचाच असला पाहिजे. आज डेनालीचे स्पर्धक म्हणजे फोर्ड एफ-१५० प्लॅटिनम आणि रॅम १५०० लिमिटेड. तिघेही हा नियम पाळतात.

आकार: गाडी नेमकी किती मोठी?

चार दरवाजे आणि छोटा हौदा असलेल्या सिएरा १५००ची मापं साधारण अशी:

- लांबी: सुमारे ५.९ मीटर
- रुंदी (आरसे सोडून): सुमारे २.०६ मीटर
- उंची: १.९ मीटरच्या पुढे
- दोन चाकांमधलं अंतर: सुमारे ३.७५ मीटर
- हौद्याची लांबी: पावणेसहा फुटांच्या आसपास
- हौद्यात चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी: सुमारे १.२९ मीटर

आता आपल्या ओळखीच्या छोट्या हत्तीशी, म्हणजे टाटा एसशी तुलना करा. २००५ साली आलेल्या टाटा एसची लांबी होती ३.८ मीटर आणि हौदा सात फुटांच्या आसपास. म्हणजे दोन मीटर लहान गाडीचा हौदा जास्त लांब! कारण सिएरात बाकीची लांबी जाते ती पाच माणसांच्या ऐसपैस केबिनमध्ये आणि लांब बॉनेटमध्ये. हा ट्रक आठवड्यातले बरेच दिवस कार म्हणूनच चालतो.

उंचीचं कारण वेगळं आहे. असे ट्रक लॅडर फ्रेमवर बांधतात. खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा, त्याच्यावर केबिन आणि हौदा. हौद्याखालून मागचा एक्सल जातो, भार पडल्यावर खाली दबायला सस्पेन्शनला जागा लागते, आणि फोर-व्हील ड्राइव्हची यंत्रणाही तिथेच. त्यामुळे हौद्याची जमीन आपसूक वर जाते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

पुढची बाजू: एवढी मोठी जाळी कशाला?

डेनालीची पहिली ओळख म्हणजे समोरची चकाकणारी जाळी. दोन्ही बाजूंना इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे एलईडी दिवे, मध्ये क्रोमची भिंत आणि तिच्यावर लाल रंगात जीएमसीची तीन अक्षरं.

जाळीचं मूळ काम आहे रेडिएटरला हवा देणं. मोठं व्ही-८ इंजिन आणि मागे चार टनांच्या घरात जाणारा ट्रेलर असेल, तर टेक्ससच्या उन्हात घाट चढताना भरपूर हवा लागते हे खरं. पण रोजच्या चालवण्यात तेवढी हवा लागत नाही. उलट जास्त हवा आत घुसली की गाडीला वाऱ्याचा अडथळा वाढतो. म्हणून आजकालच्या पिकअपमध्ये जाळीच्या मागे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या असतात. इंजिन गार असेल तेव्हा त्या मिटतात आणि हवा गाडीच्या बाजूंनी निघून जाते. म्हणजे आधी दिसण्यासाठी तोंड मोठं करायचं आणि मग मोटर लावून ते बंद करायचं.

क्रोमबद्दलही थोडं सांगतो. हल्ली गाड्यांवरचं बहुतेक क्रोम लोखंडावर नसतं, प्लॅस्टिकवर असतं. एबीएस प्लॅस्टिकच्या भागावर तांबं, निकेल आणि शेवटी क्रोमियम असे पातळ थर चढवतात. म्हणून तो भाग हलका असतो. पण थर एकदा सुटायला लागला की त्याला दुरुस्ती नाही, अख्खा भाग बदलावा लागतो. २०२२च्या मॉडेलमध्ये डेनाली अल्टिमेट नावाचं आणखी वरचं व्हेरियंट आलं. त्यात उजळ क्रोमऐवजी काळपट झाक असलेलं क्रोम वापरलंय. किंमत ८० हजार डॉलरच्या घरात गेली की चकाकी कमी करणं हीच चैन ठरते.

बॉनेटची उंची: इथे खरा प्रश्न आहे

मी ५ फूट ७ इंच. दादाच्या गाडीसमोर उभा राहिलो तर बॉनेटची कड माझ्या छातीपर्यंत आली. तिथून खाली गाडीचं तोंड जवळजवळ सरळ भिंतीसारखं.

सामान भरून झालं. गाडी सुरू करायच्या आधी दादा खाली उतरला आणि पुढून एक फेरी मारून आला. मला वाटलं काही पडलंय.

"काही राहिलं का दादा?"

"नाही रे. सवय आहे. घरी पोरगी तीन फुटांची आहे. कॅमेरा आहे पुढे, पण मी बघूनच निघतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. घरी येऊन मी याबद्दल वाचलं.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा तो अभ्यास होता. ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १०२ सेंटीमीटरपेक्षा उंच आहे, त्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता ३० इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२१मध्ये मोजमाप करून सांगितलं की २०००पासून पिकअपच्या बॉनेटची उंची सरासरी ११ टक्क्यांनी तरी वाढलीय. काही ट्रकच्या पुढचा न दिसणारा पट्टा काही सेडानपेक्षा ११ फुटांनी लांब निघाला.

यामागचं कारण साधं आहे. सेडानचं नाक खाली असतं. ती माणसाच्या पायाला धडकते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच आणि सरळ तोंडाची गाडी थेट छातीवर किंवा डोक्यावर आदळते आणि माणसाला पुढे, खाली ढकलते. मूल असेल तर विचारायलाच नको.

अमेरिकेत मागचा कॅमेरा मे २०१८पासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात सक्तीचा आहे. समोरून किती दिसलं पाहिजे किंवा बॉनेट किती उंच असावं, यावर तसा नियम नाही. पादचाऱ्याच्या डोक्याला होणारी इजा कमी करणाऱ्या बॉनेटसाठी तिथल्या एनएचटीएसए या सरकारी यंत्रणेने सप्टेंबर २०२४मध्ये पहिल्यांदा प्रस्ताव मांडला. युरोपात असे नियम २०००च्या दशकापासून आहेत.

जाळी आणि बॉनेट हे गाडीचं स्टायलिंग आहे, पण ते फक्त मालकाच्या आवडीपुरतं राहत नाही. डिझाइनवर लिहिताना हे बाजूला ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

बाजू: चाकं, पायऱ्या आणि पत्रा

*चाकं.* डेनालीला २० इंची चाकं मिळतात, २२ इंचीही घेता येतात. एवढ्या मोठ्या गाडीला लहान चाकं लावली तर ती खेळण्यातल्यासारखी दिसते, हे कारण खरं आहे. पण चाक मोठं झालं की टायरचं रबर बाजूने पातळ होतं. खड्ड्यात धक्का जास्त बसतो आणि टायर महाग पडतो. कच्च्या रस्त्यासाठी कंपनी एटी-४ नावाचं वेगळं व्हेरियंट विकते. म्हणजे डेनालीची चाकं हायवेसाठीच आहेत.

*पायऱ्या.* गाडी उंच, म्हणून चढायला दरवाजाखाली पायरी लागते. पायरी खाली लटकत राहिली तर खडबडीत रस्त्यावर घासते, म्हणून वरच्या मॉडेलमध्ये ती विजेवर चालते. दार उघडलं की बाहेर येते, लावलं की आत जाते. काही मॉडेलमध्ये हीच पायरी मागे सरकते, म्हणजे हौद्याच्या बाजूला उभं राहून आत हात घालता येतो. मागच्या बंपरच्या कोपऱ्यात पाय ठेवायला खाच आहे. ही खाच जनरल मोटर्सने २०१४च्या मॉडेलपासून दिली. तिला मोटर नाही, सेन्सर नाही, ती बिघडत नाही. अख्ख्या गाडीतलं माझं सर्वांत आवडतं फीचर ते.

*पत्रा.* फोर्डने २०१५च्या एफ-१५०ची बॉडी ॲल्युमिनियमची केली आणि जवळजवळ ३०० किलो वजन कमी केलं. त्यावर २०१६मध्ये शेवरोलेने जाहिरात केली: दोन्ही ट्रकच्या हौद्यात वरून काँक्रीटचे ठोकळे ओतायचे आणि ॲल्युमिनियमला पडलेली भोकं दाखवायची. गंमत म्हणजे २०१९च्या सिल्व्हराडो आणि सिएरात बॉनेट, दरवाजे आणि फाळका ॲल्युमिनियमचेच आले. छत, मडगार्ड आणि नेहमीचा हौदा मात्र पोलादाचा राहिला. यात तर्क आहे. जे भाग उघडबंद होतात ते हलके हवेत आणि जिथे माल आदळतो तिथे पोलाद हवं.

हौदा: कार्बन फायबरचा

डेनालीत कार्बनप्रो नावाचा हौदा मिळतो. कारखान्यातून कार्बन फायबरचा हौदा घेऊन येणारा हा पहिला पिकअप. पोलादी हौद्यापेक्षा तो सुमारे २८ किलोंनी हलका आहे.

कार्बन फायबर म्हटलं की रेसिंग कार आठवते, पण इथला प्रकार वेगळा आहे. रेसिंग कारमध्ये कापडासारखे थर राळेत भिजवून भट्टीत तासन्‌तास पक्के करतात. इथे कार्बनचे छोटे धागे थर्मोप्लॅस्टिकमध्ये मिसळून, तापवून, साच्यात दाबून भाग बनवतात. म्हणून तो कारखान्यात भराभर तयार होऊ शकतो.

२८ किलो वजन वाचल्याने अडीच टनांच्या गाडीला विशेष फरक पडत नाही. खरा फायदा दुसरा आहे. कार्बन फायबर गंजत नाही आणि त्याला पोचे पडत नाहीत. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ट्रक खालून कुजतात. तिथे हे मोलाचं आहे. हौद्याच्या पुढच्या भिंतीत मोटरसायकलचं चाक अडकवायला खोबणीसुद्धा आहेत.

बाकी हौद्यात १२ ठिकाणी दोरी बांधायच्या कड्या, आत एलईडी दिवे आणि विजेचा सॉकेट. आमचा सोफा आम्ही चार कड्यांना बांधला आणि तो जागचा हलला नाही.

चाकांच्या उंचवट्यांमधली १.२९ मीटर रुंदीही हिशेबाने ठेवलीय. अमेरिकेत प्लायवूडची शीट चार फूट रुंद, म्हणजे १.२२ मीटर. ती सपाट बसते. पण शीट आठ फूट लांब असते आणि हौदा पावणेसहा फूट. उरलेली शीट फाळक्यावर येते.

फाळका: एकात सहा

म्हणूनच फाळक्यावर एवढी मेहनत घेतलीय. २०१९च्या मॉडेलपासून सिएरात मल्टीप्रो टेलगेट आला. मोठ्या फाळक्यात बिजागऱ्यांवर फिरणारा एक आतला छोटा फाळका आहे. दोन बटणं आहेत, एक मोठ्यासाठी आणि एक आतल्यासाठी. त्यातून सहा प्रकार होतात:

१. पूर्ण फाळका आडवा पडतो, नेहमीसारखा.
२. आडव्या फाळक्याच्या टोकाला एक पट्टी उभी राहते, म्हणजे लांब माल मागे घसरत नाही.
३. आतला फाळका खाली दुमडतो, म्हणजे आपण हौद्याच्या जवळ जाऊन आत हात घालू शकतो.
४. तोच भाग पायरी बनतो. पायरी पूर्ण रुंदीची आहे आणि १७० किलोपर्यंत भार घेते. बाजूला हाताने धरायला आधार आहे.
५. मोठा फाळका बंद ठेवून फक्त आतला आडवा करायचा आणि त्याची पट्टी उभी करायची. उंचवट्यांच्या वर ठेवलेला लांब माल अडतो.
६. आतला फाळका आडवा राहिला की उभ्याने काम करायचं टेबल तयार.

तिसरा आणि चौथा प्रकार का लागला? हौदा जमिनीपासून उंच आहे म्हणून. आडवा फाळका मध्ये आला की मागून हात पोचत नाही. टाटा एसमध्ये हा प्रश्नच येत नाही.

तरी फाळका चांगला आहे. इतरांनीही आपापली उत्तरं शोधलीत. रॅमचा फाळका दोन असमान भागांत दारासारखा उघडतो. होंडा रिजलाइनचा फाळका २००६च्या मॉडेलपासून खालीही पडतो आणि बाजूलाही उघडतो. मला मल्टीप्रोची पायरी जास्त पटली. दादाने एका हाताने उघडली आणि मी टेबल घेऊन वर चढलो.

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. मागे ट्रेलर जोडायचा गोळा लावलेला असताना मोठा फाळका आडवा करून आतला खाली सोडला, तर तो गोळ्यावर आपटतो. म्हणून आधी गोळा काढा, अशी सूचना गाडीच्या पुस्तकात आहे. दुसरं, विजेवर उघडणाऱ्या फाळक्यांची कटकट. फेब्रुवारी २०२४मध्ये कंपनीने २०२०–२०२४ मॉडेलचे तीन लाखांहून जास्त हेवी-ड्यूटी सिल्व्हराडो आणि सिएरा ट्रक परत बोलावले. बटणात पाणी शिरून शॉर्ट सर्किट झालं तर फाळका आपोआप उघडू शकत होता. साध्या खटक्याच्या जागी स्विच आला की पाणी हा नवा शत्रू तयार होतो.

एक प्रश्न नेहमी येतो: फाळका उघडा ठेवून गाडी चालवली तर पेट्रोल वाचतं का? उत्तर नाही. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून बसतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकत जाते. फाळका उघडला की ही व्यवस्था मोडते.

कॅमेरे: आता माझ्या विषयाकडे

गाडीच्या बाहेर जाळीत, आरशांखाली, फाळक्यावर असे कॅमेरे लपवलेले आहेत. त्यांच्यापासून डझनाहून जास्त प्रकारची दृश्यं स्क्रीनवर बघता येतात.

वरून गाडी दिसते ते दृश्य घ्या. वर कुठलाही कॅमेरा नसतो. चार बाजूंच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स माशाच्या डोळ्यासारख्या असतात. त्यांचं वाकडं चित्र आधी सरळ करतात. मग "हे सगळे पिक्सेल जमिनीवरचे आहेत" असं गृहीत धरून ते जमिनीच्या नकाशावर पसरतात, चार तुकडे जोडतात आणि मध्ये गाडीचं तयार चित्र ठेवतात.

गोम त्या गृहीतकात आहे. जमिनीवरची पार्किंगची रेघ अगदी बरोबर दिसते. पण उभी वस्तू, मग तो खांब असो की मूल, बाहेरच्या दिशेने ताणलेली दिसते आणि दोन चित्रांच्या सांध्यावर अर्धी गायबही होऊ शकते. शिवाय लेन्सवर चिखल बसला की सगळंच धूसर.

दुसरं भारी दृश्य म्हणजे पारदर्शक ट्रेलर. ट्रेलरच्या मागे एक जादा कॅमेरा लावतात. फाळक्यावरच्या कॅमेऱ्याला फक्त ट्रेलरची भिंत दिसते. सॉफ्टवेअर त्या भिंतीच्या जागी ट्रेलरमागच्या कॅमेऱ्याचं चित्र बसवतं, त्यामुळे ट्रेलर काचेचा असल्यासारखा दिसतो. मागून येणारी गाडी थेट दिसते. ट्रेलर ओढणाऱ्यासाठी ही खरी मदत आहे.

समोरच्या कॅमेऱ्याबद्दल मात्र मी दादाच्या बाजूने आहे. बॉनेटमुळे जे झाकलं गेलं ते कॅमेरा परत दाखवतो. पण ड्रायव्हरने स्क्रीनकडे बघितलं तरच. पादचारी दिसल्यावर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही आहे आणि ती असलीच पाहिजे. माझ्या कामात आम्ही याला पॅच म्हणतो. पॅच चालतो, पण मूळ बग तसाच राहतो.

इलेक्ट्रिक सिएराने काय दाखवून दिलं?

२०२४च्या मॉडेलमध्ये सिएरा ईव्ही डेनाली आली. हौदा आणि केबिन यांच्यामधली भिंत पाडता येते. फाळकाही उघडला तर जवळजवळ ११ फूट लांबीचा माल मावतो. चारही चाकं वळवण्याची २००२ची कल्पनाही परत आली.

या गाडीला पुढे इंजिन नाही. जुन्या अर्थाने मोठी जाळीही लागत नाही. तिथे सामान ठेवायला झाकणबंद खण आहे. तरी तोंड तसंच उंच आणि सरळ, आणि जाळीच्या जागी दिव्यांची चौकट असलेला बंद पॅनेल. म्हणजे तोंडाची उंची इंजिनाने ठरत नव्हती. ती लोकांना ट्रकसारखं दिसलं पाहिजे म्हणून ठरत होती.

आपल्याकडे पिकअप बघताना काय तपासायचं?

सिएरा आपल्याकडे शोरूममध्ये मिळत नाही. पण २०१६पासून इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२पासून टोयोटा हायलक्स आहे, आणि मोठ्या बॉनेटच्या एसयूव्ही तर गल्लोगल्ली. तेव्हा:

- ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि सोबतच्या माणसाला कमरेइतक्या उंचीवर पिशवी धरून बंपरसमोर उभं करा. पिशवी कधी दिसते ते बघा.
- हौद्याची जमीन किती उंच आहे ते मोजा. रोज माल चढवणार असाल तर ही उंची पाठीला कळते.
- विजेवर चालणारी पायरी किंवा फाळका बिघडला तर हाताने चालतो का, हे विचारा.
- मोठ्या चाकांच्या टायरची किंमत आधी विचारा.
- पुढे लोखंडी बुलबार लावू नका. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. पादचाऱ्याला इजा वाढते आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा येऊ शकतो.

थोडक्यात

सिएरा डेनाली ही हुशारीने बनवलेली गाडी आहे. फाळका, बंपरमधली खाच, कार्बनचा हौदा आणि पारदर्शक ट्रेलर ही चार फीचर्स मला मनापासून आवडली. पायऱ्या आणि कॅमेरे चांगले आहेत, पण त्यांची गरज मुळात उंचीमुळे पडली. जाळी आणि बॉनेट बघायला रुबाबदार आहेत, पण त्यांचा धोका रस्त्यावरच्या दुसऱ्याच कुणालातरी आहे.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो हसला. म्हणाला, "गाडी विकणार नाही. पण फेरी मारायची सोडणार नाही." तुमची गाडी उंच असेल, मग ती कुठलीही असो, तर ही सवय तुम्हीही लावून घ्या. दहा सेकंद लागतात.